बैठकीतला बांबू

राजधानीत नोकरीवर असलेले यजमान बोचेन यांस, सुझौहून

अहो,

तुम्ही गेल्यापासून लोक तुमची चित्रं मागायला येतात. नाही म्हणवेना, म्हणून मीच बांबू काढून तुमचा शिक्का मारून देते.

काल तुमचे पारखी मित्र लूसाहेब आले. बैठकीत तुम्ही स्वतः काढलेला बांबू होता. तो बघून म्हणाले, "वहिनी, कुणी फसवलं तुम्हाला? आमच्या बोचेनचा बांबू इतका मरगळलेला नसतो." आणि मैत्रीखातर त्यांनी तो फाडला.

मी चहा ओतला. वाईट वाटलं, पण हसू जास्त आलं.

तिथे आता माझा बांबू लावलाय. हे पत्र काही पाठवायचं धाडस होत नाही. मात्र घरी आल्यावर तो बघून "काय हात होता माझा" म्हणालात, तर मी गप्प बसणार नाही.

तुमची,
जिंगवान