मॅनिफोल्डवरचे दाते

४ ऑक्टोबर, शनिवार

नक्की झालं. वॉल्टने आज फोनवर कन्फर्म केलं. गेल्या रविवारी जुन्या पार्ट्सच्या बाजारात त्याच्याकडून घेतलेल्या मॅनिफोल्डवर, काळ्या ग्रीसमधून वर आलेली चार अक्षरं हा माझा भास नाही. डी, ए, टी, ई. वॉल्ट म्हणाला, शुअर, सेज ‘डेट’ राइट ऑन इट, एकोणपन्नास सालचा माल आहे. मी त्याचा उच्चार सुधारला. डेट नाही, दाते. अमेरिकेत माझं आडनाव सव्वीस वर्षं सुधारतोय. तो म्हणाला, ओके, विनय.

म्हणजे १९४९ साली कॅलिफोर्नियात एक दाते हॉट रॉडचे पार्ट्स ओतत होता!

(मॅनिफोल्ड: इंजिनावर बसणारा हातभर लांब ॲल्युमिनियमचा ओतीव तुकडा. त्यावर एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसतात आणि जुनी फोर्ड पळत सुटते, म्हणजेच हॉट रॉड होते. युद्धावरून परतलेल्या पोरांसाठी लोकांनी हे शेडमध्ये, परसात बनवले. दोन-तीन वर्षं धंदा, मग शेड बंद, नाव गायब. भाषणात हा परिच्छेद जसाच्या तसा घ्यायचा.)

बायकोला, शोभनाला, सांगितलं. ती म्हणाली, छान, तुझ्या पूर्वजांना पहिल्या बर्फाच्या आत गॅरेजमधून हलव.

५ ऑक्टोबर, रविवार

तह झाला. माझी १९४० ची फोर्ड चार वर्षं गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर आहे, इंजिन शेजारी. शोभनाची गाडी बाहेर. जानेवारीत पहाटे पाचला, हॉस्पिटलच्या लॅबला जाण्यापूर्वी, काचेवरचा बर्फ खरवडताना ती घसरली आणि मनगट मोडलं. त्यात माझी चूक नव्हती, मी झोपलो होतो.

अट अशी: ८ नोव्हेंबरला मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात माझं भाषण. तोपर्यंत हा दाते सिद्ध झाला तर फोर्ड हा दाते घराण्याचा वारसा, गॅरेजमध्येच राहील. नाही झाला तर फोर्ड जाईल.

संकल्प: रोज सहाला उठून संशोधन. दुपारी नोकरीचे अर्ज (ऑगस्टपासून घरी आहे). मॅनिफोल्ड पुसायचा नाही. ग्रीस ऐतिहासिक आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

उठलो ९:४०. संशोधकाला झोप लागतेच.

११ ऑक्टोबर, शनिवार

अक्षरांखाली आकडे सापडले: ६ ४९. म्हणजे हा सहाशे एकोणपन्नासावा नग. केवढा कारखाना असेल!

इलाला शिकागोला व्हिडिओ कॉल केला. ती मेकॅनिकल इंजिनिअर, तिला कौतुक वाटेल असं वाटलं होतं. म्हणाली, बाबा, दॅट इज नॉट हाऊ एव्हिडन्स वर्क्स. या पिढीला आडनावाचं काही नाही. ऑफिसात सगळे तिला ‘सेव्ह द डेट’ म्हणतात आणि ती हसते. मला म्हणायचे तेव्हा मीही हसायचो, पण मनातून नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याहून चुलतभाऊ अरुणदादाने कुलवृत्तांताच्या पानाचा फोटो पाठवला. ‘यशवंत हरी. जन्म १९१४. देशांतरास गेला. पुढील माहिती नाही.’

पुढील माहिती माझ्या गॅरेजमध्ये आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

अरुणदादाचा फोन. म्हणाला, अरे विन्या, आत्याला विचारलं, देशांतर म्हणजे इंदूर. पिठाची गिरणी होती त्याची, वारला पण तिथेच.

म्हणजे मशीनकडे ओढा होता, हे तरी सिद्ध झालं. बाकीचं आत्याला काय माहीत?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नऊ म्युझियमना मेल. एक उत्तर: आमची वेळ दहा ते पाच.

आज इंटरव्ह्यू होता. म्हणजे काल होता, असं आज लॉगइन केल्यावर कळलं. कंपनीतल्या बाईंना फोन करून म्हटलं, तारखेत घोळ झाला. त्या म्हणाल्या, इट्स ओके, मिस्टर डेट. दुरुस्त करायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

शोभनाला सांगितलेलं नाही. भाषणानंतर एकदम चांगलीच बातमी सांगू.

१ नोव्हेंबर, शनिवार

पुराव्याची स्थिती: अक्षरं चार, आकडे तीन, यशवंत एक (इंदूरचा). पण कोलमडायचं नाही. वॉल्टला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. ऐंशी वर्षांचा माणूस, साठ वर्षं या पार्ट्समध्ये. तो स्टेजवर ‘येस’ म्हणाला की संपलं.

लॅपटॉपवर शोभनाचा जुना मनगटपट्टा ठेवलेला सापडला. सोबत चिठ्ठी असती तर उत्तर देता आलं असतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

ग्लोव्ह्ज घालून फोर्ड ठोकळ्यांवरून जरा सरकते का बघितलं. दोन गाड्या मावतील का? कंबर धरली. मावणार नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ११

अनर्थ! शोभनाने पहाटे उठून मॅनिफोल्ड चिंच-मीठ लावून तांब्याच्या कळशीसारखा घासला. म्हणाली, स्टेजवर इतका कळकट नेणार होतास? इतकं करतोयस तर नीट कर. माझा पाऊणशे वर्षांचा ग्रीस सिंकमधून गेला. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

‘दाते’च्या आधी आणखी एक शब्द निघालाय. कास्ट. कास्ट दाते. ओतणारा दाते! स्वतःचं काम लिहून ठेवलंय बिचाऱ्याने. शोभनाला मिठी मारली. ती म्हणाली, हात चिंचेचे आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

काल सव्वाशे लोक. माझं भाषण बावीस मिनिटं. यशवंतचं इंदूर गाळलं.

मग वॉल्टला शाल आणि नारळ दिला. तो शाल पांघरून, नारळ दोन्ही हातांत धरून माइकपाशी आला. म्हणाला, विनय फार गोड माणूस आहे, पण मित्रांनो, ओतकाम करणारे साच्यातच तारीख टाकायचे. कास्ट डेट. सहा-एकोणपन्नास, म्हणजे जून एकोणपन्नास. मी ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं, तर मला म्हणाला तू चुकीचं बोलतोस.

पहिल्या रांगेतून मंडळाचे नरेंद्रकाका मोठ्याने म्हणाले, म्हणजे कोर्टासारखं झालं, नुसती तारीख! हसण्याने हॉल पडायचा राहिला.

कोणीतरी विचारलं, मग बनवला कोणी? वॉल्ट म्हणाला, नो आयडिया. तारीख टाकली, नाव टाकायचं राहिलं. असे शेकडो होते. आणि त्याने मॅनिफोल्डवरून हात फिरवला. त्यावर कोणी हसलं नाही.

गाडीत इला मागे बसली होती, भाषणासाठी मुद्दाम आलेली. म्हणाली, बाबा, ट्वेंटी-सिक्स यिअर्स, अँड फॉर वन्स समबडी सेड इट राइट. शोभना इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. मीही हसलो. नंतर घरी इंटरव्ह्यूचं सांगितलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

सकाळी शोभनाने मॅनिफोल्ड स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. दोन कार्बोरेटरच्या जागी दोन कुंड्या बरोबर बसल्या, तुळस आणि कढीपत्ता. म्हणाली, हा घरात राहू दे.

फोर्ड वॉल्टच्या शेडमध्ये जाईल. मंगळवारी दहाला तो ट्रेलर घेऊन येतोय. बुधवारी पहाटेपासून बर्फाचा अंदाज आहे, सहा इंच.

तारीख दोनदा तपासली आहे.