लाल ठिपक्याचा स्क्रू

मंगळवार, दिवेलागण

आज हातानं घात केला. नवी फ्लॉपी चालेना म्हणून ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह उघडला आणि फ्लॉपी वाचणाऱ्या हेडच्या स्क्रूवरचा लाल ठिपका खरडून टाकला. स्क्रू हलू नये म्हणून ह्यांनीच माझं नेलपॉलिश लावल्तं. मी पुस्तकात पाहून हेड बराबर केलं. नवी फ्लॉपी लगेच चालली. ह्यांची एकही उघडेना.

मस्तगडच्या कॉम्प्युटर क्लासमधले ह्यांचे जोडीदार रशीदभाई फोनवर म्हणाले, "भाभी, त्यांचं हेड पहिल्यापासून तिरकं होतं. तिरक्यानं लिहिलेलं तिरक्यालाच वाचता येतं. सरळ कशाला केलं?"

काय गरज होती मला? हे गेल्याला वर्ष झालं, तेव्हा कुठं हिंमत करून बसले. तो ठिपका असता तर स्क्रूची पहिली जागा तरी कळली असती. मंग ह्यांची फ्लॉपी घालून अंदाजानंच पेचकस फिरवत राह्यले. किती वेळ, आठवत न्हाई. एकदम ड्राइव्ह टकटकला आणि पडद्यावर ह्यांच्या फायलींची यादी आली. सगळ्यात वर माझं नाव.

अजून उघडली न्हाई. आधी पेचकस खाली ठेवायला गेले, तर तो डाव्या हातात होता.

डावखुरे ते होते. मी न्हाई.