न्याले येऊ नका

एटापल्ली

बाबा, तुमाले अन् आईले माहा जय भीम.

फोनवर तुम्ही "रविवारी गाडी घेऊन येतो, सामान बांध" एवढंच म्हणता, म्हणून लिहून राह्यली. मी पडली हे आपल्या गावच्या अश्विननं सांगितलं, ते खरं आहे. पण हाड मोडलं नाई. कोपर सोललं होतं, तेही सुकलं.

मंगळवारी सकाळी आंगणात माह्या पोलिओच्या पायाच्या कॅलिपरचा पट्टा तुटला अन् मी कोसळली. घरमालकीण गोकुळाबाई उचलाले धावल्या. मी म्हटलं, "थांबा बाई, मले पाहू द्या." भिंतीपर्यंत सरकत गेली, खिडकीचा गज धरला. एकदा हात सुटला. बराच वेळ लागला, पण उभी झाली. बाई तोवर हात पुढे करून तशाच थांबल्या होत्या.

पट्टा दोरीनं बांधून दवाखान्याच्या लॅबमध्ये कामावर गेली. त्या दिवशी एका लहान पोरीच्या रक्तात मले मलेरिया दिसला. लगेच इलाज सुरू झाला. तिच्या मायनं माह्या पायाकडं पाह्यलंच नाई. "वाचन ना माही पोरगी?" एवढंच विचारलं.

आईची कंबर कशी आहे? धान कापाले माणसं भेटली का?

बाबा, चौथीपर्यंत तुम्ही मले खांद्यावर शाळेत नेलं. इथी कधी कधी भेव वाटते, खोटं कशाले सांगू? तरी मले न्याले येऊ नका. आईले घेऊन पाहुणे म्हणून या. भात मी रांधीन.

तुमची लेक,
दामिनी