बोडीची होडी

२१ ऑक्टो. ८६, साकोली
अमेरिकन मासिकाची बाई, हेलन, आजही धुरपताबाईच्या ओसरीवर. नववा दिवस. मी, शाळेतला गुरुजी आणि नागपूरच्या दैनिकाचा वार्ताहर, तिचा दुभाषी. धरणात म्हातारीची बोडी जाणार. बोडी म्हणजे सासऱ्याने खोदलेला छोटा तलाव, त्याच्या पाण्यावर चार बांध्या, म्हणजे खाचरे, धान. आणि सरकारी मोजणीत तो नाहीच, म्हणजे भरपाईही नाही. हेलन बोडीचा पार, म्हणजे मातीचा बांध, मोजते, वास टिपते, ‘मी पाहिलं’ लिहिते. संस्कृतात ‘मी’ हा उत्तम पुरुष. आमच्या दैनिकात तो हद्दपार. इथे सगळे ‘आमच्या वार्ताहराकडून’. अर्धा तास बसलो, सोळा ओळी लिहिल्या, ट्रंककॉलवर नागपूरला सांगितल्या.

२४ ऑक्टो.
छापून आले. सहा ओळी. ‘धुरपताबाईंची होडी बुडणार.’
फोन केला. उपसंपादक पुण्याचे. “बोडी? असा शब्द नाही हो. मला वाटलं बोडकी बाई. मग होडी केली.”
शुद्धिपत्र? “एका अक्षरासाठी?”
अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणे. इथे एका अक्षराने सुतक.

२ नोव्हें.
धुरपताबाई बाजारात भेटली. “काहून जी गुरुजी, माह्याजवळ होडी कवा होती? लोक इचारून राहिले, डोंगा कितीले घेतला.” हसली. मला हसू आले नाही. मोजणीच्या साहेबाने कात्रण फाइलला लावले आहे. शेरा : नावेची नोंद आढळत नाही.

१७ मार्च ८७
हेलनचे मासिक आले. बारा पाने. बोडी बोडीच, पारावरचे मोहाचे झाड, म्हातारीच्या बोटांतला चिखल. वाचून जळलो, खोटे कशाला लिहू? सोबत चिठ्ठी : बाईंना त्रास नको म्हणून नाव व गाव बदलले आहे. तिकडचा शिष्टाचार.
म्हणजे तिकडे वस्तू खरी, माणूस खोटा. इकडे माणूस खरा... असो.
मी त्यात आहे. ‘पानाने दात रंगलेला, उदास दुभाषी.’ उदास?

१९ मार्च
मोजणीच्या साहेबापुढे सुनावणी. मासिक आणि कात्रण, दोन्ही दाखवले. साहेब म्हणाले, “यात नाव नाही, त्यात तलाव नाही. मी काय लिहू?”
धुरपताबाई : “दोनी कागद एका टाचणीत लाव न जी, गुरुजी.”
लावले. वर माझा अर्ज. ‘मी स्वतः पाहिले आहे’ असा. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
“ठेवून जा. पाहतो.”
मी उठलो. ती बाकावरच.
“चला, बाई. बस जाईल.”
“पाह्यतो म्हनला न थो? मंग पाहू दे. मी बसली हावो.”