भोपळ्याची नजर

खडकी, पुणे
१८ जानेवारी २०२५

प्रिय महिपती,

नमस्कार. तू गावी सुखरूप पोचलास हे रुपालीकडून कळले. फोन तिला केलास, मला नाही. असो. इथे थंडी टिकून आहे.

भोगीच्या सकाळी पूजा उरकून मी विळी मांडली आणि तू दिलेला लाल भोपळा चिरायला घेतला. रुपालीने सांगितले नव्हते. पण अख्ख्या भोपळ्याला बाईमाणूस पहिली विळी लावत नाही, घरच्या पुरुषानेच लावायची. त्या रीतीचा मला आधार होता.

आमची लेक नम्रता नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तेव्हापासून रुपाली हसली नव्हती. मी तिला पोथी वाचून दाखवली, नवा स्वेटर आणला. काही उपयोग झाला नाही. मग तू आलास. पिशवीतून भोपळा काढलास. त्याला डोळे रंगवलेले, वर माकडटोपी. माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "वहिनी, हा नागोरावचा मावसभाऊ. पौष संपेपर्यंत ठेवून घ्या, फार खात नाही."

ती डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसली. मीही हसलो, दाताखाली खडा आल्यासारखा.

तुझे खेळ मला नवे नाहीत. सुंदरावहिनी गेल्या, त्यानंतर थंडी पडली की तुझे मन उतरते, आणि तू दव साचलेल्या गाड्यांच्या काचांवर बोटाने मिशा काढत हिंडतोस, कुंड्यांना मफलर गुंडाळतोस. सगळी गल्ली तुझी वाट पाहते. मी गणपतीचे डोळे आखतो. भाद्रपद सरला की माझ्याकडे कोण येते?

डोळे सर्वांत शेवटी, आंघोळ करून, उपाशीपोटी आखायचे असे मला शिकवले गेले. ज्याला डोळे आखले तो पाहू लागतो. देवाखेरीज मी ते कशालाच आखले नाहीत. तू भाजीला डोळे देतोस त्याचा मला राग येतो, तो या श्रद्धेपोटी, असे मी स्वतःला सांगत आलो.

भोपळा विळीवर धरला, तर तो माझ्याकडे पाहत होता. फिरवला, तरी पाहत होता. माझ्या मूर्तींची नजर अशी माणसामागे येत नाही, महिपती. मला चिरवेना.

रुपाली दारात उभी होती. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, माझ्यासाठी कधी कुंचला उचललात का?"

मी विळी आडवी केली. पुढे जपाला बसलो की माळेत तेच वाक्य यायचे.

आज आंघोळ करून, पाण्याचा घोटही न घेता, मूर्तींचा बारीक कुंचला काढला आणि दुधीला डोळे आखले. डावा डोळा तिरळा झाला. आधी देवापुढे ठेवला, मग खिडकीत तुझ्या भोपळ्याशेजारी.

रुपालीने बराच वेळ पाहिले. "हा कोणाचा मावसभाऊ?"

"महिपतीचा," मी म्हणालो.

हसली. तुझ्या वेळी हसली होती तेवढी नाही, हे माझ्या लक्षात आलेच. पण हसली.

पौष संपला की ये. तुझा भोपळा चिरायचा तर तूच चीर. माझ्या दुधीला मी कोणाला विळी लावू देणार नाही.

अजून थोडा जळणारा,
तुझाच
नागोराव