खाडीच्या दोन्ही तीरांचा प्रांत

प्रिय सत्यजीतराव,

ठाण्याला सुखरूप पोचल्याचा तुमचा निरोप रविवारीच मिळाला. उत्तरादाखल मी नुसता अंगठा पाठवला, त्याचा राग मानू नका. फोनच्या त्या एवढ्याशा चौकटीत मला दोन ओळींपलीकडे काही सुचत नाही. आज मुद्दाम कागद घेऊन गॅलरीत बसले आहे. दिवस कलला आहे. कर्नाळ्याचा सुळका धुक्यात अर्धा विरघळून गेलाय. नव्या विमानतळाकडे निघालेली विमानं दिवे लावून इतकी संथ खाली येताहेत, जणू कुणीतरी वरून अलगद सोडतंय त्यांना. सासूबाई शेजारच्या खुर्चीत पेंगताहेत. त्यांच्या मांडीवर निवडायला घेतलेली मेथी तशीच आहे.

क्लबची सभा झाल्यापासून मी अशीच आहे बघा, काम हातात आणि मन भलतीकडे. आमटी उकळत असते आणि मला दिसतं डोंगराच्या पायथ्याचं आपल्या ‘स्नेहदीप’ क्लबचं पहिलं नेत्रशिबिर. तेव्हा खाडीच्या अलीकडचे-पलीकडचे सगळे क्लब संस्थेच्या एकाच प्रांतात होते. तुम्ही आणि प्रमिलावहिनी ठाण्याहून पहाटे निघून यायचात, माझा जगन रोडपालीच्या घरून जीप काढायचा आणि आपण चौघं कातकरी वाडीवर जायचो. भातशेती सिडकोने नव्या शहरासाठी घेतल्यावर जगनला रिकामपण खायला उठायचं. शिबिराच्या दिवशी मात्र तो शीळ घालत गाडी चालवायचा. डोळ्यांत थेंब घातले की म्हाताऱ्या माणसांना सगळं धूसर दिसायचं, ती घाबरायची. तुम्ही त्यांचे हात धरून पावसाबद्दल, खेकड्यांबद्दल काहीबाही बोलत बसायचात. वहिनी आणि मी चुलीवरच्या खिचडीचा धूर डोळ्यांत घेऊन हसत असायचो. ते दिवस आता आठवले की तेही मला तसेच दिसतात, थेंब घातलेल्या डोळ्यांना दिसावेत तसे, कडा नसलेले.

मग सभासद वाढले आणि संस्थेच्या वरच्या मंडळींनी प्रांताचे दोन तुकडे केले. खाडीवर रेघ ओढली गेली. तुम्ही तिकडचे, आम्ही इकडचे. भांडण कुणाचंच नव्हतं. फक्त बैठका वेगळ्या, शिबिरं वेगळी, पुढे व्हॉट्सॲपचे ग्रुपही वेगळे. जगन गेला तेव्हा तुम्ही धावत आलात, पण दारात गर्दी होती आणि आपलं धड बोलणंही झालं नाही. प्रमिलावहिनी गेल्याचं तर मला महिना उलटून गेल्यावर कळलं, तेही एका लग्नात, कुणीतरी सहज बोललं म्हणून. त्या दिवशी मी जेवणाच्या पंगतीतून उठून बाहेर येऊन उभी राहिले. ज्या बाईबरोबर मी एवढी हसले, तिच्यासाठी रडायलाही मला वेळेवर बोलावणं आलं नव्हतं.

आता सभासद घटले, तरुण मंडळी फिरकत नाहीत, म्हणून पुन्हा एक व्हायचं निघालं. पनवेलच्या सभेत काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात आणि मी तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. आमचे दयारामभाऊ तावातावाने म्हणाले की एवढ्या मोठ्या प्रांतात आपलं पनवेल बुडून जाईल, प्रांताचा प्रमुख, प्रांतपाल, कायम ठाण्याचाच होईल. टाळ्या पडल्या. प्रस्ताव पडणार असंच वाटत होतं. मी बोलायचं ठरवलं नव्हतं. पण उठले आणि कातकरी शुक्रीचं सांगितलं. तिची वाडी डोंगराच्या खांद्यावर. रेघ ओढली तेव्हा ती नेमकी कुणाच्या वाट्याला आली ते कुणालाच कळलं नाही. इकडच्यांना वाटलं तिकडचे जातील, तिकडच्यांना वाटलं इकडचे. वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर तिचा उजवा डोळा राहिला असता. मी एवढंच म्हटलं, “प्रांतपाल कुणीही होऊ दे, शुक्रीचा दुसरा डोळा वाचला पाहिजे.” सगळ्यांत आधी हात दयारामभाऊंनीच वर केला आणि मग मला काही स्पष्ट दिसेना.

सभेनंतर आपण वडाळे तलावाला एक फेरी मारली. पाण्यात इमारतींचे दिवे उतरत होते, कमळाच्या पानांतून पाणकोंबड्या निघत होत्या, आणि आपण पुढच्या शिबिराच्या तारखांबद्दल बोलत होतो. चालता चालता तुम्ही थांबलात आणि एक विचारलंत. मी पाण्याकडे बघत राहिले आणि म्हटलं, सासूबाई वाट बघत असतील. रिक्षात बसल्यावर मागे वळूनही पाहिलं नाही. तुम्हाला ते नकारासारखं वाटलं असेल.

तो नकार नव्हता, हे कळवायला हे पत्र. इतकी वर्षं ‘निशावहिनी’ म्हणणारे तुम्ही त्या संध्याकाळी नुसतं “निशा, माझ्याशी लग्न करशील?” म्हणालात आणि मी सासूबाईंचं निमित्त पुढे केलं. केतनला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, आई, तुझ्या आवाजावरून कळतंय मला. खरी भीती सासूबाईंची होती. ज्या माउलीचा मुलगा गेला, तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? काल दुपारी त्यांच्या केसांना तेल लावताना मागे बसून सांगून टाकलं. त्या मान न वळवता म्हणाल्या, “जगन माजा पोरगा व्हता. तू पन माजीच पोरगी हायेस. पोरीला कोन मागाया आला, तं आई काय दार लावून घेल?” माझे तेलाचे हात तसेच राहिले. सत्यजीत, माझं उत्तर हो आहे. पण सासूबाईंना सोडून मी ठाण्याला येणार नाही. तुलाच इकडे यावं लागेल. जमणार असेल तर येत्या रविवारी सकाळी ये. मला काही विचारू नकोस, आधी त्यांच्याजवळ बस आणि त्यांना विचार. त्या नाही म्हणणार नाहीत, पण कुणीतरी आपल्याला विचारलं, हे त्यांना फार आवडेल.

पहिल्यांदाच असं लिहितेय, तुझीच,
निशा