कठड्यापाशी दोन मिनिटं

प्रिय साडूभाऊ यांस,

कोपरापासून नमस्कार. (उजव्या हातात पेन आहे, तेव्हा तूर्त डाव्याच कोपरापासून.) आम्ही इकडे ठीक आहोत, आणि आपण तिकडे उत्तम असाल याविषयी शंका घ्यायला आपण कधी जागा ठेवलेली नाही. जिना चढताना आपला गुडघा कुरकुरतो असं ताईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं. ते वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी आपलं पाकीट आलं आणि त्यातून तो फोटो निघाला.

फोटो सध्या आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. मी लावलेला नाही. आपल्या मेव्हणीने, म्हणजे माझ्या धर्मपत्नीने, तो बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत लावला आहे, त्यामुळे दूध काढायला गेलं की आधी आपलं दर्शन घ्यावं लागतं. मागे तळं, तळ्यावर धुकं, पुढे लाकडी कठडा, कठड्यावर रेललेले आपण, आणि दृष्टी पोहोचेल तिथवर दुसरा मनुष्यप्राणी नाही. फोटोच्या मागे आपल्या वळणदार अक्षरात: ‘राष्ट्रीय उद्यान. पाणमांजर, पिल्लांसह, दहा हातांवर. आम्ही आणि निसर्ग.’ दंतवैद्याचं अक्षर इतकं चांगलं असू नये, पण ते असो. ज्या उद्यानात वर्षाचे बारा महिने मुंगीला पाय ठेवायला जागा नसते, तिथे आपल्याला एवढा एकांत कसा मिळाला, यावर मी पुष्कळ विचार केला. त्या दिवशी उरलेले सगळे लोक आपल्या दवाखान्यात तोंड उघडून बसले असावेत, एवढाच निष्कर्ष निघतो.

मला हेवा वाटतो असं आपण समजू नये. (वाटतो.) अडचण अशी झाली, की मागच्या खेपेला सासऱ्यांकडे सगळे जमलो तेव्हा आपण पाणमांजराची कथा सांगितलीत. मी ती चौथ्यांदा ऐकली. पहिल्या वेळी पिल्लू एकच होतं. मग मेव्हण्याने त्याला दिसलेलं पाणमांजर सांगितलं. मग त्याच्या बायकोने तिला दिसलेलं. सासरेबुवा, जे हल्ली टपालपेटीपर्यंतही जात नाहीत, त्यांनी तरुणपणी पाहिलेलं सांगितलं, आणि ते सर्वांत मोठं होतं. नंतर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘मीठ द्या जरा इकडे.’ घरी परतल्यावर दाराला किल्ली लावताना ही म्हणाली, ‘आपणच राहिलो हो.’ पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात काय काय राहून गेलं याची यादी माणूस मनाशी करतोच. त्या यादीत एक मांजर इतकं वर असेल याची मला कल्पना नव्हती. पुढच्या महिन्याअखेर पुन्हा सगळे जमणार. त्याआधी आपणही पाणमांजर पाहायचं आणि मीठ न मागता जेवायचं, असा मी निश्चय केला.

तयारी मी शास्त्रशुद्ध केली. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘लोकप्रिय उद्यानांतली गर्दी कशी टाळाल?’ असा लेख आला होता. लेखकाचं म्हणणं: शनिवार-रविवार टाळा, बुधवार धरा, उजाडायच्या आत पोहोचा, मुख्य फाटक सोडा, मागच्या फाटकाने जा, ते कोणालाच माहीत नसतं. मी या सगळ्या वाक्यांखाली लाल रेघा ओढल्या, शाळेतून किरकोळ रजा काढली, आणि बुधवारी अंधार असतानाच आम्ही मागच्या फाटकाशी पोहोचलो. तिथे पुरवणी वाचणारे सर्व लोक हजर होते. काहींच्या हातात लेखाचं कात्रण होतं आणि त्यातही त्याच वाक्यांखाली रेघा होत्या. (मुख्य फाटकावरचा पहारेकरी त्या सकाळी खुर्ची टाकून कोवळं ऊन खात बसला होता, असं मागाहून कळलं.) पूर्वी ऋषिमुनी अरण्यात जात, तिथे त्यांना राक्षस भेटत, साप भेटत, अप्सरा भेटत, पण आपल्या पुढे किती जण आहेत हे विचारायची पाळी त्यांच्यावर आल्याचं माझ्या वाचनात नाही.

फाटकावर प्रत्येकाला चिठ्ठी मिळते. आमच्या चिठ्ठीवर ‘सात ते अकरा’ असं होतं. अकरानंतर तळ्यावर थांबायचं नाही, पुढच्यांना जागा द्यायची. आपली गाडी बाहेर ठेवून उद्यानाच्या बसने आत जावं लागतं. बसमध्ये आम्ही उभे होतो. चालक मधूनच ‘उजवीकडे हरणं’ असं जाहीर करी, साठ माना उजवीकडे वळत, आणि माझ्या वाट्याला शेजारच्या गृहस्थांचा कान येई. तो कान मी आता कुठेही ओळखीन.

तळ्याचा कठडा आपण जाणताच. सहा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की संपला. त्यासमोर त्या सकाळी अडीच-तीनशे माणसं होती, आणि प्रत्येकाचा समज असा, की उरलेली मंडळी चुकून आली आहेत. एका सज्जनांनी कॅमेऱ्याची तिपाई मधोमध रोवून संसार थाटला होता. (त्यांना मी पुढे तिपाईवाले म्हणेन, लोक त्यांना दुसरं काही म्हणत होते.) कोणीतरी ‘आलं, आलं’ म्हणालं की सगळा जमाव पुढे लोटे. अशाच एका लोटात हिची चप्पल गेली, आणि ती शोधायला वाकलेल्या माझ्या पाठीवर कोणीतरी हात टेकून पाण्याकडे पाहिलं. गर्दी आवरायला एकच वनरक्षक होता. त्याच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदाच वर्गावर आलेल्या मास्तराचा भाव होता.

आणि इथेच माझा घात झाला. साडूभाऊ, मी सत्तावीस वर्षं शाळेत भाषा शिकवतो, पण खरं सांगायचं तर त्यातली निम्मी वर्षं मी ओळी लावण्यात घालवली आहेत. सकाळच्या घंटेनंतर सातशे पोरं मैदानावर उभी करायची हे काम माझं. तो भाव पाहिला आणि माझा हात आपोआप वर गेला. मी म्हणालो, ‘एका ओळीत.’ ओरडलो नाही. ओरडणाऱ्या मास्तराची ओळ कधी सरळ लागत नाही. तीनशे प्रौढ, कमावती, जबाबदार माणसं निमूट एका ओळीत लागली. पुढच्या दोघा-चौघांनी तर अंतर घ्यायला पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी नियम सांगितला: एका वेळी सहा जण, घड्याळाने दोन मिनिटं, मग डावीकडून बाहेर. वनरक्षकाने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली आणि तो झाडाखाली पाणी प्यायला गेला.

आमचा नंबर येईपर्यंतच हे करायचं, असं मी ठरवलं होतं. पण ओळ लावून देणं सोपं, सोडून देणं अवघड. तिपाईवाले तिसऱ्यांदा ओळीत शिरले. मी म्हणालो, ‘आपण दोनदा येऊन गेलात.’ ते म्हणाले, ‘तो माझा भाऊ होता.’ ‘तिपाईसुद्धा भावाचीच का?’ असं विचारल्यावर ते शेवटी जाऊन उभे राहिले. एक बाई म्हणाल्या, ‘अहो साहेब, माझी दोन मिनिटं धुक्यात गेली, परत द्या ना.’ त्यांना सांगावं लागलं, की धुकं उद्यानाचं आहे, माझ्या हातात फक्त घड्याळ आहे.

ओळीवर नजर ठेवायची तर तोंड ओळीकडे करावं लागतं, म्हणजेच पाठ तळ्याकडे. माझ्या पाठीमागे दर दोन मिनिटांनी ‘अगं, मिशा बघ मिशा’, ‘पिल्लाला पोटावर घेतलंय’, ‘हळू बोल ना, बुडी मारेल’ असं चाललं होतं. एकदाच मी मान वळवू पाहिली. तेवढ्यात ओळ चाळिसाव्या माणसाशी वाकली आणि तिपाईवाले अकरा जागा पुढे आले. पुन्हा मी तो मोह केला नाही. पाणमांजर मला दिसलं नाही. पाणमांजर पाहून परतणारे तीनशे चेहरे मात्र मी एकेक करून पाहिले. याहून जिव्हारी लागणारं दृश्य जगात नसेल. तोवर मला हेवा वाटायला आपण एकटे होतात. त्या सकाळी संख्या फार वाढली.

हिचा नंबर आला तेव्हा मी तिला नियमाप्रमाणे दोनच मिनिटं दिली. (दुसऱ्या कोणी अडीच दिली असती. मीही नंतर रात्रंदिवस तेच म्हणतो आहे.) ती परत आली ती डोळे चमकवतच. म्हणाली, ‘आता तुम्ही जा ना, मी बघते शिट्टीचं.’ मी म्हणालो, ‘एवढी ओळ संपू दे.’ पण दर बस आणखी साठ जण आणून सोडत होती. अखेर अकराला तो वनरक्षक पाणी पिऊन, ताजातवाना होऊन आला, माझी चिठ्ठी पाहिली, शिट्टी परत घेतली आणि अदबीने म्हणाला, ‘साहेब, आपली वेळ संपली. डावीकडून बाहेर.’ मी कठड्याकडे बोट दाखवलं, माझी दोन मिनिटं राहिलीत असं सांगितलं. तो म्हणाला, ‘एकाला सोडलं की ओळ मोडते, हे तुम्हीच शिकवलंत.’ विद्यार्थी इतका लवकर तयार झाल्याचं समाधान मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं, पण त्या समाधानाने यायला नेमकी हीच वेळ निवडायला नको होती.

असो. अशी आमची अरण्ययात्रा झाली. गुडघ्याला जपा, जिने टाळा, आणि जमल्यास काही काळ उद्यानंही टाळा. ताईंना नमस्कार.

आपला साडू

ता. क. खरी गोष्ट लिहायची राहिली. परतताना बसमध्ये हिने विचारलं, ‘दिसलं ना तुम्हाला?’ तिचा चेहरा इतका खुलला होता, की मी म्हणालो, ‘हो तर. तुला?’ ती म्हणाली, ‘हो.’ मग मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आता महिन्याअखेर सगळ्यांसमोर मला ते सांगावं लागणार. तेव्हा कृपा करून उलट टपाली सविस्तर कळवावं: ते कोणत्या बाजूने येतं, रंग नक्की कसा, शेपूट किती, आणि पाण्यातून डोकं काढतं तेव्हा काय करतं. आपली कथा मी चार वेळा ऐकली आहे, पण हेवा वाटत असताना नीट ऐकू येत नाही.

ता. क. दुसरा. हे ताईंना सांगू नये. ताईंना कळलेली गोष्ट चहा गाळून व्हायच्या आत इकडे पोहोचते. पत्र टपालात टाकायला हिच्याच हाती देतो आहे, पाकीट नीट चिकटवून.

भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटलेलं नव्हतं. मलाही पाणमांजर दिसलेलं नाही. कठड्याशी गेले आणि सहज मागे वळून पाहिलं, तर हे तीनशे माणसांपुढे शिट्टी घालून उभे, आणि तीनशे माणसं यांचं ऐकतायत. घरी यांचं कोण ऐकतं? तेच बघत राहिले, दोन मिनिटं कधी संपली कळलंच नाही. यांना काही बोलू नका. वर्णन ताईला लिहायला सांगा, तुम्ही फार रंगवता. आणि दोन लिहायला सांगा, जरा वेगवेगळी. दोघांनी एकसारखं सांगितलं तर बाबांच्या लगेच लक्षात येईल.